मराठी-इंग्रजी ऑनलाइन दुकान: चौदा महिने चालवल्यानंतरचा अनुभव

आमचं दुकान सोलापुरात, नवी पेठेच्या बाजूला. शेंगा चटणी, कडक भाकरी, कारळ्याची आणि जवसाची चटणी, मालदांडी ज्वारी, हुलगे, संक्रांतीच्या सुमारास शेंगापोळी. पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली सोलापूरची माणसं फोनवर ऑर्डर सांगायची आणि मी वहीत उतरवून घ्यायचे. ते फोन आवरेनासे झाले तेव्हा ऑनलाइन दुकान काढायचं ठरलं. ते मराठी आणि इंग्रजी दोन्हीत हवं, हे मी पहिल्या दिवसापासून धरून होते. आमच्याकडे एकाच घरातून सासूबाई मराठीत आणि सून इंग्रजीत मागणी करते. दोघींनाही हवी ती वस्तू सापडली पाहिजे.

महिन्याचं भाडं भरून तयार मंचावर दुकान मांडता आलं असतं. पण शब्द, शोध, पावती सगळं आमच्या हातात हवं होतं. म्हणून वेबसाइट बांधायच्या वर्डप्रेस या प्रणालीवर दुकान चालवणारं वूकॉमर्स घेतलं, भाषांसाठी एक सशुल्क प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) घेतलं आणि पुण्याच्या दोन मुलांकडून थीम, म्हणजे दुकानाची मांडणी, खास बनवून घेतली. सगळं मिळून खर्च लाखाच्या आत राहिला. होस्टिंग आणि प्लगइनचं दरवर्षीचं नूतनीकरण वेगळं. असं काम करून घेणाऱ्या दुकानदारांसाठी हे लिहिते आहे.

दुकान सुरू होऊन आठवडा झाला नसेल, कोथरूडच्या एका काकूंचा फोन आला. “अगं, पिनकोड चुकीचा आहे म्हणतंय. तीस वर्षं राहतेय मी इथे!” मी पिनकोड विचारला, ४११०३८. बरोबर होता. माझ्या फोनवरून टाकला तर घेतला. शेवटी त्यांच्याकडून स्क्रीनशॉट मागवला आणि सगळं लक्षात आलं. काकूंचा कीबोर्ड मराठी होता, त्यामुळे आकडेही मराठीच उमटत होते. आमचा फॉर्म मात्र फक्त इंग्रजी आकडे ओळखत होता. कॉम्प्युटरच्या लेखी मराठी चार आणि इंग्रजी चार ही दोन वेगळी चिन्हं आहेत. पिनकोड, मोबाइल नंबर, नग, सगळीकडे तोच घोळ. दुरुस्ती अगदी छोटी होती: तपासणीच्या आधी मराठी आकडे इंग्रजीत बदलून घ्यायचे. वाईट याचं वाटलं, की दुकान उघडण्यापूर्वी आम्ही चौघांनी मिळून पन्नासेक खोट्या ऑर्डरी टाकून पाहिल्या होत्या आणि चौघांचेही कीबोर्ड इंग्रजी होते. काकूंनी फोन केला म्हणून कळलं. न बोलता निघून गेलेले किती असतील!

दुसरा धडा भाकरीने शिकवला. ‘भाकरी’ शोधलं की माल दिसायचा. ‘भाकऱ्या’ शोधलं की कधी दिसायचा, कधी नाही. डोळ्यांना शब्द तोच, अक्षर न् अक्षर तेच. खोलात गेल्यावर कळलं की ‘ऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक कीबोर्ड त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर पाठवतो, दुसरा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह पाठवतो. हे जोडचिन्ह गळालं तर रफार होऊन ‘भाकर्या’ उमटतं. आता शोधपेटीत आलेला शब्द आणि आमच्या यादीतला शब्द दोन्ही आधी एका रूपात आणले जातात, मग जुळवले जातात. मराठीत दुकान काढणाऱ्या प्रत्येकाने हे एवढं तरी पहिल्याच दिवशी करून घ्यावं.

शोधाचं खरं काम मात्र तांत्रिक नव्हतं, शब्दांचं होतं. आम्ही हुलगे म्हणतो, कोकणातली माणसं कुळीथ म्हणतात. आमचं कारळं ते दुसऱ्या कुणाची खुरासणी. जवस म्हणजेच अळशी. ज्वारीला कुणी जोंधळा म्हणतं, कुणी शाळू मागतं. शिवाय ‘शेंगदाण्याची चटणी’ असं प्रत्यय लावून लिहिणारे आहेत, ह्रस्व-दीर्घ बदलणारे आहेत आणि मराठी शब्द इंग्रजी लिपीत लिहिणारे तर खूपच आहेत. काउंटरवर हे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कधी अडलंच नाही. गिऱ्हाइकाने कुळीथ म्हटलं की ते हुलग्याच्या डब्याकडे वळतात. मग आम्ही तेच केलं. रिकाम्या हाताने परत गेलेले सगळे शोध दर सोमवारी यादीने काढायचे, अण्णांच्या पुढ्यात ठेवायचे, त्यांनी प्रत्येकापुढे आपल्या मालाचं नाव सांगायचं आणि मी ते समानार्थी शब्द म्हणून भरायचे. चौदा महिन्यांत एक शंभरपानी वही जवळजवळ भरत आली. या दुकानात ज्या कामाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला ते काम हे.

भाषांतराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: यंत्राकडून कच्चा मसुदा घ्या, पण दुकानात लावू नका. ‘कडक भाकरी’चं इंग्रजीत ‘हार्ड ब्रेड’ झालं होतं. हे वाचून अमेरिकेतल्या नातवाला आजीने पाठवलेल्या भाकरीबद्दल काय कळणार? आम्ही इंग्रजीतही कडक भाकरीच ठेवलं आणि खाली दोन ओळींत सांगितलं, की ही ज्वारीची, पापडासारखी पातळ, वाळवलेली, महिनाभर टिकणारी भाकरी आहे. मराठी बाजूला ‘कार्टमध्ये जोडा’ होतं ते ‘पिशवीत टाका’ केलं. ‘चेकआउट’च्या जागी ‘ऑर्डर पूर्ण करा’ आणि ‘मोफत शिपिंग’च्या जागी ‘घरपोच मोफत’. ‘स्टॉक संपला’ बदलून ‘सध्या संपलं आहे, आलं की कळवू’ केलं. आईने हे शब्द मोठ्याने वाचून पाहिले, अडखळली तिथे बदलले.

पावतीने तर आठवडाभर झोप उडवली. पीडीएफ बनवणारी पहिली व्यवस्था अक्षरं एकापुढे एक नुसती मांडायची, जोडायची नाही. ‘किलो’ची वेलांटी क नंतर जायची, ‘ज्वारी’तला ज पाय मोडून वेगळा उभा राहायचा. दुकानाच्या नावाने अशी पावती बाहेर जाणं मला सहन होईना. मुलांनी ती काढून एमपीडीएफ हे दुसरं सॉफ्टवेअर बसवलं. त्यात भारतीय लिप्यांची जुळणी होते, फॉन्टही आपला देता येतो. तेव्हापासून पावती स्वच्छ आहे.

अक्षरांचं बाकी थोडक्यात. आम्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्त फॉन्ट ‘मुक्ता’ वापरतो, देवनागरी आणि रोमन दोन्ही त्यात एकमेकांना शोभतात. थीममध्ये मथळ्यांच्या अक्षरांत मोकळी जागा सोडली होती, त्यामुळे शिरोरेषा तुटून कंगव्यासारखी दिसायची. मराठी बाजूला ती जागा शून्य करा. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, नाहीतर उकार आणि अनुस्वार छाटले जातात.

वस्तूंचे वेबपत्ते आम्ही हौसेने मराठीत ठेवले होते. ब्राउझरमध्ये छान दिसायचे, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की एकेका अक्षराची टक्केचिन्हांसह नऊ चिन्हं व्हायची आणि चार ओळींची जंत्री तयार व्हायची. शिवाय वर्डप्रेसमध्ये पत्त्यातल्या नावाला २०० चिन्हांची मर्यादा असल्याने बावीसेक अक्षरांनंतर नाव मध्येच तुटायचं. गिऱ्हाइकं असा दुवा उघडायलाच घाबरत. आता दोन्ही भाषांत पत्ते रोमन लिपीतच आहेत. एसएमएसचंही तसंच गणित: इंग्रजी मजकूर १६० अक्षरांचा चालतो, देवनागरी ७० चाच, त्यापुढे दुसऱ्या एसएमएसचे पैसे. मजकुराचा साचा डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-मंचावर, आधी मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणून तो सुरुवातीलाच घासून-पुसून आटोपशीर लिहा. आमचा मराठी साचा तीनदा लिहिल्यावर ७० त बसला.

एक गोष्ट अजूनही टोचते. आमच्या प्लगइनमध्ये एकाच वस्तूची मराठी आणि इंग्रजी अशी दोन पानं असतात. किंमत आणि शिल्लक एका पानावरून दुसऱ्यावर आपोआप जायला हवी, पण एका अपडेटनंतर ती जाईनाशी झाली. शेंगांचे भाव चढले म्हणून मी मराठीत दर बदलला, इंग्रजीत चार दिवस जुनाच राहिला. ज्यांनी जुन्या दराने घेतलं त्यांना त्याच दराने माल पाठवला. मी आता दर बदलला की दोन्ही पानं स्वतः उघडून बघते. कुरिअरच्या चिठ्ठीचाही प्रश्न सुटलेला नाही. त्यांची यंत्रणा रोमन पत्ताच घेते, त्यामुळे मराठीत आलेला प्रत्येक पत्ता आम्ही हाताने लिप्यंतर करतो. ‘पाषाण’, ‘धायरी’ यंत्राला कदाचित जमेल, पण ‘मारुतीच्या देवळामागे, बोळातलं तिसरं घर’ हे माणसानेच वाचलेलं बरं.

एवढं सगळं करून परवडलं का? आम्हाला परवडलं. फोनवरच्या ऑर्डरी निम्म्याहून कमी झाल्या आणि वहीतल्या चुका थांबल्या. मुख्य म्हणजे पूर्वी मुलाला सांगून मागवणाऱ्या कितीतरी बायका आता स्वतः मागवतात, त्यांची नावं मला ऑर्डरीवर मराठीत दिसतात. पण दुकानात रोज तासभर देणारं, शब्दांची आवड असणारं घरचं माणूस नसेल तर दोन भाषांच्या फंदात पडू नका. एकच भाषा ठेवा, पण ती नीट ठेवा.

अण्णांना आता कन्नड बाजू हवी आहे, अक्कलकोट-विजापूरकडची गिऱ्हाइकं आमच्याकडे पूर्वीपासून आहेत. शेंगा तिकडेही शेंगाच. बाकीच्यासाठी त्यांनी वहीत तिसरा रकाना आखला आहे: हुलगे, कुळीथ, हुरळी. कारळं, खुरासणी, गुरेळ्ळु. जवसापुढची जागा अजून रिकामी आहे, ती ते सोमवारी बाजारात विचारून भरणार आहेत.