रोजचं साधं जेवण खायला जायचंय: चीन की जपान?

सुट्टी एकदाच मिळणार, दहा-बारा दिवसांची, आणि पूर्वेकडे जायचं ते मुख्यतः खायला. नावाजलेली महागडी रेस्टॉरंटं नकोत. तिथली माणसं कामावरून दमून परतताना जे खातात ते हवंय. असा बेत असेल तर चीन की जपान हे ठरवताना चवीचा विचार नंतर करा. आधी मोजा, जाणार कितीजण.

जपानमधलं रोजचं बाहेरचं जेवण एकट्या माणसाला धरूनच मांडलेलं असतं. रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या नूडल्सच्या, दुकानात कट्ट्यासमोर आठ-दहा खुर्च्या, दाराशी तिकिटाचं यंत्र. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी पुढे सरकवायची, वाडगा येतो. पंधरा-वीस मिनिटांत उठायचं. फुकुओकाच्या इचिरान या साखळीत तर दोन गिऱ्हाइकांमध्ये फळ्या लावलेल्या असतात, म्हणजे शेजाऱ्याचं तोंडही दिसत नाही. तेइशोकु, म्हणजे जपानी थाळी, मागवलं तरी प्रत्येकाचा ट्रे वेगळा: भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) सूप, थोडं लोणचं, एक मुख्य पदार्थ. एकट्याने जेवणारा तिथे कुणाला बिचारा वाटत नाही. पण चौघं मिळून शिरलात तर शेजारी-शेजारी जागा मिळेलच असं नाही, आणि एकाच वाडग्यात चौघांनी चव बघणं तिथे शोभत नाही.

चीनमध्ये उलटं. खरी मजा गोल टेबलावर, मधोमध सात-आठ पदार्थ आणि प्रत्येकाच्या हातात भाताची वाटी. एकट्याने तीन पदार्थ मागवले तर दोन वाया जातात. एकटा माणूस उपाशी राहतो असं नाही. नूडल्स आहेत, भातावर भाजी घालून देणारी दुकानं आहेत, आणि आपणच जिन्नस निवडून वजनावर पैसे द्यायचं मालातांग नावाचं तिखट सूप आहे. पण त्यावर दहा दिवस काढले तर चीनचं निम्मं जेवण बघितलंच नाही. म्हणून माझा हिशेब सरळ आहे: एकटे किंवा दोघं असाल तर जपान, चार किंवा जास्त असाल तर चीन. तिघं असाल तर पुढचं वाचा.

नूडल्सपासून सुरुवात करू, कारण इथे दोघांचं मूळ एकच. टोकियोच्या असाकुसा भागात १९१० साली राईराईकेन नावाचं रामेनचं दुकान निघालं, योकोहामाच्या चायनाटाऊनमधले चिनी स्वयंपाकी आणून. पुढे जपान्यांनी सगळी अक्कल रश्शावर खर्च केली. साप्पोरोत मिसोचा, टोकियोत सोया सॉसचा, फुकुओकातल्या हाकाताला डुकराची हाडं तासन्‌तास उकळून केलेला दुधाळ तोनकोत्सु. हाकाताला नूडल्स बारीक असतात आणि संपल्या की थोड्या पैशांत उरलेल्या रश्शात आणखी एक गुंडाळी घालून देतात.

चीनच्या वायव्येला लांझोऊमध्ये हेच प्रकरण वेगळ्या वाटेने गेलं. तिथलं बीफ नूडल्स हे हुई मुस्लिमांचं, हलाल, डुकराचा संबंध नाही. त्याचं श्रेय सहसा १९१५ च्या सुमाराच्या मा बाओझी यांना देतात. नितळ रस्सा, पांढरा मुळा, लाल मिरचीचं तेल, हिरवी कोथिंबीर आणि लसणाची पात, पिवळसर नूडल्स: या पाच रंगांतला एक जरी कमी पडला तर लांझोऊकर नाक मुरडतो. खायचं ते सकाळी. केसासारख्या बारीक हव्यात की चपट्या रुंद, हे सांगायचं आणि माणूस तुमच्यासमोर कणकेचा गोळा ओढायला लागतो. शीआनला बियांगबियांग नूडल्स दोन-तीन बोटं रुंद. त्यावर तिखट, लसूण ठेवून कडकडीत तेल ओततात. तो चर्र आवाज मराठी कानाला परका नाही. रश्शासाठी जपान, नूडल्ससाठी चीन, असं मी म्हणेन. आणि दोन्हींतलं एकच निवडा म्हटलं तर शीआन.

डम्पलिंगचा निकाल झटकन लागतो. उत्तर चीनमध्ये उकडलेले ज्याओझ म्हणजे पूर्ण जेवण, सोबत काळं व्हिनेगर. दुसऱ्या महायुद्धानंतर मांचुरियातून परतलेल्या जपान्यांनी ते घरी नेले आणि तव्यावर एका बाजूने खरपूस केले. आता ग्योझा, म्हणजे जपानी ज्याओझ, रामेनच्या किंवा बिअरच्या जोडीला. उत्सुनोमिया आणि हामामात्सु ही दोन शहरं कोण जास्त ग्योझा खातं यावर दरवर्षी भांडतात. खरपूस बाजू मला जास्त आवडते, पण पोट भरतं ते चीनमध्ये.

मात्र दोन्ही देशांतला फरक एकाच पदार्थात बघायचा असेल तर तो मापो तोफू. मूळ सिचुआन प्रांतातल्या चेंग्दूचा, एकोणिसाव्या शतकातल्या चेन नावाच्या खानावळवालीचा. मऊ तोफू, खिमा, तिथल्याच पीशियनची आंबवलेली मिरची-बीन्सची पेस्ट आणि वरून ह्वाजियाओ, म्हणजे ज्याने जीभ बधिर होऊन झिणझिण्या येतात ते सिचुआनी मिरं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकाला याची ओळख करून द्यायला नको: ते आपल्या तिरफळाच्याच कुळातलं आहे. बांगड्याच्या तिखल्यावर वाढलेला माणूस चेंग्दूला दचकत नाही. दचकतो तो शेजवान चटणीलाच सिचुआन समजलेला, कारण त्या चटणीत मिरची-लसूण असतो, ह्वाजियाओ बहुधा नसतोच. हाच पदार्थ सिचुआनचे चेन केनमिन यांनी जपानमध्ये रुजवला. १९५८ मध्ये त्यांनी टोकियोत शिसेन हान्तेन नावाचं रेस्टॉरंट उघडलं. जपानी जिभेला सोसेल एवढाच जाळ त्यांनी ठेवला, आणि आज जपानी घरांतून पाकिटातल्या मसाल्याने होणारा मापो तोफू गोडसर, सौम्य, मुलांना चालणारा आहे. लहान मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट क्षुल्लक नाही. झणझणीत खाणाऱ्यांनी मात्र जपानमध्ये चौथ्या दिवसापासून हिरवी मिरची आठवेल हे धरूनच जावं.

आता शाकाहारी. तिकडे जपान शाकाहाऱ्यांना सोपं असेल असा समज का पसरलाय कळत नाही. बहुधा तोफू आणि बौद्ध धर्म डोळ्यांपुढे असतो म्हणून. प्रत्यक्षात जपानी रोजच्या जेवणाचा पायाच दाशी नावाचं सार, आणि दाशीत बहुतेकदा कात्सुओबुशी, म्हणजे सुकवून धुरावलेला मासा. मिसो सूपमध्ये तो, उदोन या जाड नूडल्सच्या रश्शात तो, सोबा या बकव्हीटच्या नूडल्स बुडवायच्या सॉसमध्ये तो, भाजी शिजवलेल्या पाण्यातही तो. ताटात मासा दिसत नाही आणि वाढणाऱ्याला तो मासा वाटतही नाही. खरा सात्त्विक जपानी स्वयंपाक हवा तर वाकायामाच्या कोयासान डोंगरावर देवळात मुक्काम करावा. तिथे पन्नासच्या आसपास देवळं पाहुणे ठेवतात. शोजिन र्‍योरीत, म्हणजे देवळातल्या या शाकाहारी स्वयंपाकात, दाशी कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके अळंब्यांची, कांदा-लसूण नाही, तिळाचा तोफू आणि गोठवून सुकवलेला तोफू असतो. जैन वाचकांनी मात्र कंदमुळं आणि अळंब्यांबद्दल आधी विचारून घ्यावं. पण ते एक-दोन दिवसांचं. उरलेल्या आठ दिवसांचं काय?

चीनमध्ये धोका वेगळा आहे: चरबी आणि खिमा. फरसबीच्या सुक्या भाजीत डुकराचा खिमा सहज पडतो, पालेभाजी चरबीत परतलेली निघते. तरी निवडायला भाज्या खूप आहेत. टोमॅटो-अंडं, जे घराघरांत होतं, बटाट्याचा आंबट-तिखट कीस, वांगं, बटाटा, सिमला मिरची एकत्र तळून केलेलं ईशान्येकडचं दीसानशियान, ठेचलेली काकडी, शीआनचं लियांगपी, म्हणजे थंडगार नूडल्स. मांस, चरबी, मांसाचा रस्सा काहीही नको, हे चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डर देताना दाखवा. शिवाय मोठ्या शहरांत देवळांना लागून शाकाहारी भोजनालयं असतात. चेंग्दूच्या वेन्शू विहारात आहे, शांघायचं गोंगदलिन तर १९२२ पासून चालू आहे. अंडं चालत असेल तर माझं मत चीनच्या पारड्यात. कडक शाकाहाऱ्याने दोन्हीकडे एक वेळचं जेवण स्वतः करता येईल अशी खोली घ्यावी.

गोमांस न खाणाऱ्यांसाठी एक इशारा. जपानी करी-राइस दिसायला ओळखीचा, गोडसर, पोटाला धीर देणारा. पण त्याच्या मसाल्याच्या तयार वड्यांत बीफची चरबी असते अनेकदा, म्हणून विचारल्याशिवाय नको. कोको इचिबान्या या करीच्या साखळीच्या निवडक शाखांत शाकाहारी करी मिळते. टोकियोत शिंजुकूच्या नाकामुराया या रेस्टॉरंटातली करी मुद्दाम चाखावी. क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना नाकामुरायाच्या सोमा कुटुंबाने आसरा दिला, घरची मुलगी दिली, आणि १९२७ मध्ये बोस यांच्या आग्रहाने तिथे भारतीय पद्धतीची कोंबडीची करी सुरू झाली. ती आजही मिळते.

पोट बिघडलं तर दोन्हीकडे पेज आहे. जपानची ओकायू आजाऱ्याची, वर एक आंबट उमेबोशी, म्हणजे खारवलेलं फळ. ग्वांगझोऊची पेज मात्र सकाळच्या चहा-डिमसमच्या टेबलावर मानाने बसते, मासे-शेंगदाणे घालून. आजारी नसतानाही खावी अशी ती आहे.

खर्चात चीन बराच स्वस्त. रामेनला साधारण हजार येन, म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये; लांझोऊत बीफ नूडल्सचा वाडगा दहा युआनच्या आसपास, सव्वाशे रुपयांच्या आगेमागे. पण चीनमध्ये गल्लीतला दुकानदारही बहुधा फोनवरूनच पैसे घेतो. निघण्यापूर्वी अलीपे हे फोनवरून पैसे द्यायचं अ‍ॅप घेऊन त्याला आपलं कार्ड जोडून बघा, आणि जोडलं गेलं नाही तर रोख युआन जवळ ठेवा. गूगलचे नकाशे तिथे उघडत नाहीत. पहिल्याच परदेशवारीला, त्यातून आई-वडील बरोबर असतील तर, एवढ्या एका कारणासाठीही मी जपान सुचवेन.

राहिला मुहूर्त. चीनमध्ये १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा आणि चिनी नववर्ष टाळा. नववर्षाला छोट्या खानावळींचे मालक गावी जातात आणि शटरं खाली असतात. जपानमध्ये १ ते ३ जानेवारीला तेच. मेच्या पहिल्या आठवड्यात दोन्हीकडे सुट्ट्यांची झुंबड, त्यामुळे उन्हाळी सुट्टीत जायचं तर दुसऱ्या आठवड्यापासून पुढे, आणि जपान असेल तर जूनचा पाऊस लागायच्या आत. दिवाळीची सुट्टी दोन्हीकडे बरी पडते. हवा गार व्हायला लागलेली असते, जपानी दुकानांत ओदेनची, म्हणजे रश्शात मंद उकळत ठेवलेल्या जिनसांची, भांडी दिसू लागतात, आणि चेंग्दूत हॉटपॉटच्या दुकानाबाहेर नंबर लावून बसायची तयारी ठेवावी लागते.