बोलता समूह की लिहिता समूह? घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी एक तुलना

मुलांना घरी शिकवायचे ठरले आहे, घरातल्या वडीलधाऱ्यांशी व्हायचे ते वाद होऊन गेले आहेत आणि आता एखाद्या ऑनलाइन समूहात सामील व्हावे, पण कोणत्या, या प्रश्नाशी जे पालक थांबले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गृहशिक्षण योग्य की अयोग्य हा वाद इथे घेतलेला नाही. आमच्या लातुरात तो भेटणारा प्रत्येक माणूस घालतोच. ज्या शहराच्या नावाने अभ्यासाचा एक ‘पॅटर्न’ ओळखला जातो आणि जिथे आसपासच्या जिल्ह्यांतली मुले शिकवण्यांसाठी खोली करून राहतात, तिथे “लेकीला घरीच बसवलाव म्हणं?” हे वाक्य लग्नाच्या पंगतीतही ऐकावे लागते. समूहाची गरज मुळात त्यामुळेच भासते.

मी दोन प्रकारच्या समूहांत राहिलो आहे. त्यांची नावे घेत नाही, कारण दोन्हीकडची माणसे भली आहेत आणि प्रश्न माणसांचा नसून पद्धतीचा आहे. पहिला मोठा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा. त्यात पुण्या-मुंबईपासून बंगळुरूपर्यंतचे पालक आहेत, भाषा मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांची मिसळ आहे, आणि जवळजवळ सगळा व्यवहार तोंडी चालतो: दिवसभर व्हॉइस मेसेज आणि रविवारी संध्याकाळी व्हिडिओ भेट. दुसरा लहान, टेलिग्रामवरचा, मराठी. त्यातली बहुतेक कुटुंबे लातूर, धाराशिव, अंबाजोगाई, नांदेड, हिंगोली या पट्ट्यातली आहेत. गणित, वाचन, परीक्षा व कागदपत्रे, सहली असे त्यात वेगवेगळे कप्पे केलेले आहेत. नियम एकच: जे सांगायचे ते लिहून सांगायचे. शिवाय प्रत्येक कुटुंबाने दर महिन्याला एक नोंद टाकायची, म्हणजे महिनाभरात मूल काय शिकले, कुठे अडले आणि आपण काय करून पाहिले, एवढेच.

खर्चाच्या दृष्टीने दोघांत सांगण्यासारखा फरक नाही आणि सोयींची यादी वाचकांना ठाऊकच असेल.

बोलत्या समूहाचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. पहिल्या वर्षी, जेव्हा मुलगी सकाळी उठून “आज काय करायचं?” विचारी आणि आम्हा दोघांकडेही धड उत्तर नसे, तेव्हा त्या समूहाने आम्हाला धरून ठेवले. रात्री दहा वाजता काही विचारले तरी मिनिटाभरात कोणीतरी बोलत असे, आणि त्या आवाजातला धीर लिहिलेल्या ओळीत उतरत नाही, हे मी आजही मानतो. मुलांसाठी तर तो समूह निःसंशय सरस आहे. शनिवारी बुद्धिबळ, अधूनमधून गोष्टी सांगण्याची बैठक, वेगवेगळ्या राज्यांतल्या मुलांशी मोडक्या हिंदीत आणि इंग्रजीत होणाऱ्या गप्पा. घरी शिकणाऱ्या एकुलत्या मुलाला हे मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. झूमच्या फुकट खात्यावरची भेट चाळीस मिनिटांत तुटते, पण मुले नव्या दुव्यावर पुन्हा जमतात आणि गप्पा तिथूनच पुढे सुरू होतात. आपले मूल पाच ते आठ वर्षांचे असेल आणि तुमची मुख्य अडचण एकटेपणाची असेल, तर तुम्ही पुढचे वाचले नाही तरी चालेल.

माझे मत बदलले ते मुलगी तेराव्या वर्षात आल्यावर. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ या वयोगटाबद्दल बोलतो आणि त्यात गृहशिक्षणाची वेगळी तरतूद नाही. त्यामुळे चौदावे वर्ष जवळ आले की घरी शिकवणाऱ्या पालकाचे बोलणे आपोआप पुस्तकांवरून कागदपत्रांकडे वळते. दहावीसाठी मुख्यतः दोन वाटा डोळ्यांसमोर असतात. एक राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे खाजगीरीत्या परीक्षेला बसणे. त्यासाठीचे विभागीय मंडळ आमच्या लातुरातच आहे आणि नांदेड व धाराशिव हे जिल्हेही त्याच्याच कक्षेत येतात. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झालेल्या या संस्थेच्या सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात, आणि एकदा नोंदणी झाली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. पाच विषय एकाच वेळी द्यावे लागत नाहीत, आणि घरच्या अभ्यासाला हेच सर्वांत मानवते. मात्र माध्यम कोणते घ्यावे, विषय कसे जुळवावेत, टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायचे स्वाध्याय केव्हा आणि कसे द्यावेत, शाळा सोडल्याचा दाखला कधीचा लागतो, असे बारीक प्रश्न इतके असतात की त्यांची उत्तरे या वाटेने आधी गेलेल्या माणसाकडूनच मिळतात.

अशी माणसे मोठ्या समूहात होती आणि त्यांनी उत्तरे दिलीही होती, परंतु ती सगळी बोलून दिलेली होती.

इथे थोडे थांबून तक्रार सविस्तर मांडतो, कारण माझा निर्णय तिच्यावरच झाला. एका पालकांनी टीएमएबद्दल सगळे नीट समजावून सांगितले होते, हे मला पक्के आठवत होते. ते शोधायला म्हणून मागे जाऊ लागलो तर पडद्यावर एकाखाली एक ध्वनिसंदेशांच्या पट्ट्या. कोणावर चार मिनिटे, कोणावर सहा, एकावर नऊ. आत काय आहे, हे बाहेरून कळत नाही. शब्द टाकून शोधावे तर तिथे शब्दच नाहीत. मग ऐकत बसायचे. सुरुवातीला नमस्कार, सर्वांची चौकशी, मागच्या कोणाच्या तरी मुद्द्याला दुजोरा, मध्येच कुकरची शिट्टी किंवा रिक्षाचा हॉर्न, आणि नेमके जे हवे ते वाक्य कुठेतरी पाचव्या मिनिटाला, घाईत म्हटलेले. वेग वाढवून ऐकले तर तेच वाक्य निसटते. लिहून घ्यावे म्हटले तर तीनदा मागे जावे लागते. हाच प्रश्न माझ्या आधी अनेकांनी विचारला होता आणि पुढेही विचारला जाणार होता. त्या सद्गृहस्थांनी तो प्रत्येक वेळी नव्याने, तितक्याच आपुलकीने सांगितला होता आणि दर वेळी थोडा वेगळा सांगितला होता.

एवढ्यावर कदाचित निभावले असते. याहून खोल अडचण अशी की घरी शिकवणाऱ्याच्या घरात मूल सदैव हजर असते. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आईला दुपारी फोन कानाला न लावता निवांत ऐकता येते. आमच्या दोन खोल्यांच्या घरात तशी दुपार नाही. समूहात पालक आपल्या धास्ती मोकळेपणाने बोलतात आणि त्यासाठीच समूह असतो, पण “माझा मुलगा पुस्तक हातातच धरत नाही, दहावीचं काय होणार देव जाणे” हा काळजीचा सूर स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून निघून थेट भूमितीचा प्रमेय सोडवत बसलेल्या मुलीच्या कानावर जातो, याचा विचार कोणी केलेला नसतो. एकदा तिने अगदी सहज विचारले, “त्या काकू माझ्याबद्दलच बोलत होत्या का?” तसे नव्हते, पण दुसऱ्या मुलाविषयीचे ते बोलणे तिच्याविषयी केव्हाही होऊ शकले असते. इअरफोन लावून पाहिले, तर दिवसभर कान झाकून वावरणारी आई मुलीला त्याहून विचित्र वाटली. वाचन मुकाट्याने करता येते. पालकांची काळजी पालकांपुरती ठेवण्याची ही इतकी साधी सोय आहे की सामील होण्याआधी तिचे मोल मला कोणी सांगितले असते, तरी मी ते मनावर घेतले नसते.

लिहित्या समूहात तोच टीएमएचा प्रश्न ‘परीक्षा व कागदपत्रे’ या कप्प्यात शब्द टाकून शोधला. दोन कुटुंबांच्या नोंदी निघाल्या. एकीत सगळे क्रमवार होते आणि दुसरीत त्याच कामात कुठे अडले ते होते. खाली तिसऱ्या कोणीतरी, नियम बदलत राहतात, तेव्हा संस्थेच्या संकेतस्थळावरून ताडून पाहा, अशी टीप जोडली होती. दोन्ही नोंदी आम्ही सामील होण्याच्या पुष्कळ आधीच्या होत्या, आणि नवीन माणसाला जुने वाचता येणे हा माझ्या दृष्टीने या समूहाचा सर्वांत मोठा गुण आहे.

सहलींच्या बाबतीतही हेच अनुभवास आले. बोलत्या समूहात एखादे कुटुंब वेरूळला जाऊन आले की छायाचित्रांची रांग लागते, त्याखाली कौतुक येते आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे वर सरकून जाते. आम्ही मात्र तेरला गेलो ते एका लेखी नोंदीमुळे. धाराशिव जिल्ह्यातले हे गाव म्हणजे जुने तगर, रोमशी व्यापार चालणारे ठिकाण आणि संत गोरा कुंभारांचे गाव. तिथल्या लामतुरे संग्रहालयात मुलांनी आधी काय पाहावे, कोणत्या वस्तूपाशी त्यांचे लक्ष टिकते आणि कुठे ती कंटाळतात, हे त्या नोंदीत होते. ‘घरी गेल्यावर नकाशावर तेरपासून समुद्रापर्यंतची वाट काढायला सांगा’ ही सूचनाही होती. मुलीने ती वाट काढली, अंतर मोजले आणि बैलगाडीला किती दिवस लागले असतील याचा हिशोब मांडला. आमच्या नोंदीत आम्ही तो हिशोब टाकला, आणि हिंगोलीच्या एका मुलाने त्यातली चूक काढून दाखवली.

पालकांनी अनुभव लिहून एकमेकांना देण्याची ही रीत काही इंटरनेटने आणलेली नाही. अमेरिकेत जॉन होल्ट यांनी १९७७ साली घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक सुरू केले. त्याचा मोठा भाग वाचकांच्या पत्रांनी भरलेला असे, आणि ते होल्ट यांच्या मृत्यूनंतरही २००१ पर्यंत चालले. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत चालवून मुलांच्या शिक्षणाचे बोलणे पालकांच्या घरापर्यंत नेले होते. त्या काळी अनुभव तोंडीच राहिले असते तर ते ज्या बैठकीत सांगितले गेले तिथेच विरले असते.

तरीही लिहित्या समूहात एक दोष आहे आणि तो किरकोळ नाही. लिहिण्याची सवय असलेली माणसेच तिथे टिकतात. आमच्या समूहात शिक्षक, बँकेतले कर्मचारी आणि निवृत्त आजोबा भरपूर आहेत. शेतावर राबणारी, मुलाला बांधावर बसवून पाढे म्हणवून घेणारी आई मात्र विरळा. अशी एक बाई बोलत्या समूहात होती आणि तिचा दोन मिनिटांचा संदेश आमच्या पानभर नोंदीपेक्षा अधिक शिकवून जाई. तिला लिहायला सांगणे म्हणजे दार लावून घेण्यासारखेच झाले असते. पुढे औसा तालुक्यातल्या एका कुटुंबाने यावर मार्ग काढला: आई बोलते आणि दहा वर्षांचा मुलगा तिचे बोलणे जसेच्या तसे लिहून टाकतो. त्या नोंदींत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतात, पण आमच्या घरी सर्वांत आधी त्याच वाचल्या जातात. मुलाचे शुद्धलेखनही त्यातूनच सुधारते आहे. तथापि प्रत्येक घरी असा लेखनिक असेलच असे नाही, हे खरे.

दुसरा दोष संथपणाचा. उत्तर यायला दोन दिवस, कधी आठवडाही लागतो. सोयाबीनच्या काढणीत तर समूह निपचित पडतो. अडचण तातडीची असेल, मूल हट्टाला पेटले असेल आणि आपला संयम संपत आला असेल, तर अशा वेळी हा समूह फारसा कामाचा नाही. माझ्या अनुभवाने एवढे नक्की सांगता येईल की तातडीचे वाटणारे बहुतेक प्रश्न लिहायला बसले की अर्ध्यावर सुटतात, कारण नेमके काय बिनसले आहे ते लिहिण्यासाठी आधी स्वतःला उमगावे लागते. इतरांचा अनुभव याहून वेगळा असू शकेल.

दोन्हीकडे राहता येणार नाही का, असे विचारले जाते. येते, मीही राहतो. मोठा समूह मी म्यूट करून ठेवला आहे, मुलगी शनिवारी बुद्धिबळाला तिथे जाते, आणि आम्ही उभयता तिथे फारसे काही ऐकत नाही. परंतु दोन समूहांना सारखाच वेळ देणे नोकरी करणाऱ्या माणसाला जमत नाही, आणि एकच निवडायचा झाला तर, मूल दहा-अकराच्या पुढे गेले असेल अशा पालकांनी लिहिता समूह निवडावा, असे मी सुचवीन. तसा तयार समूह हाताशी नसेल तर चार-पाच कुटुंबांनी मिळून सुरू करायला फार काही लागत नाही. कप्पे पहिल्या दिवशीच पाडून घ्यावेत, कारण नंतर ते काम कोणीच करत नाही. व्हॉइस मेसेज बंद ठेवण्याचा नियम प्रवेशाच्या वेळीच सांगावा, आणि ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांच्यासाठी कोण लिहून देणार, हेही त्याच वेळी ठरवावे.

चालू समूहात प्रवेश मागताना बहुधा स्वतःची एक नोंद लिहून पाठवावी लागते. मागच्या महिन्यात मुलाने काय केले, हे लिहिताना हात फारच अडखळत असेल, तर अर्ज काही महिने पुढे ढकला आणि तोवर बोलत्या समूहात राहा. तिथे कोणीही काही न विचारता आत घेतात.