जुन्या अल्टोची ऑइल गळती: स्टॉप-लीक बाटली, नवं पॅकिंग आणि सोलापूरचा एक उन्हाळा

आधी निकाल सांगतो. ऑइल स्टॉप-लीकची बाटली, म्हणजे गळती थांबवायला इंजिन ऑइलमध्ये ओतायचं रसायन, माझ्या गाडीत चालली, पण एकाच जागी. इंजिनच्या वरच्या कव्हरचं पॅकिंग, ब्रीदर (इंजिनातल्या गॅसची वाट) आणि चेंबर (तळाचा ऑइलचा डबा) यांना तिचा काडीचा उपयोग नव्हता. तिथं पानाच लागला.

गाडी 2008 ची मारुती अल्टो, 796 सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतली आहे, त्यामुळे इतक्यात काढायची नाही. रोजचं धावणं विजापूर रोड ते होटगी रोड, अधूनमधून अक्कलकोट, तुळजापूर, क्वचित पुणे. सुरुवातीला पार्किंगच्या शहाबादी फरशीवर रुपयाएवढा डाग पडायचा. शहाबादी तेल पिते आणि डाग जन्मभर ठेवते, म्हणून घरात आधी फरशीवरूनच बोलणी बसली. नंतर तुळजापूरचा घाट चढून आलं की बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास यायला लागला. त्या वासाकडे कानाडोळा करू नका. कव्हरमधून ओघळलेलं तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर (धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर) पडतं तेव्हा तो येतो, आणि गळती वाढली तर आगही लागू शकते.

सल्ले भरपूर मिळाले. एका गॅरेजवाल्यानं थेट इंजिन खोलायचा हिशोब मांडला. दुसरा म्हणाला, "घट्ट ऑइल घाला, बसतंय सगळं." घट्ट ऑइलनं ठिबकणं थोडं मंदावतं हे खरं, आपल्याकडे हाडं गोठवणारी थंडी नाही, त्यामुळे सकाळी स्टार्टिंगचाही फार त्रास नाही. पण सील जिथं कडक झालंय तिथं कडकच राहतं. मला ते दुखणं झाकणं वाटलं.

शेवटी एमआयडीसीकडच्या एका वयस्कर मेस्त्रींनी पानाही न उचलता सांगितलं, "आधी धुऊन आणा, मग बोलू." हे मात्र मोलाचं निघालं. तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं सरकतं, म्हणून सगळ्यात ओली जागा हीच गळतीची जागा असते असं नाही. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. अल्टरनेटर आणि वायरिंगवर प्लास्टिक बांधून इंजिन डिग्रीझरनं धुतलं, वाळवलं, संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर मारली आणि गावात एक फेरी मारून आलो. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ लगेच उठून दिसते. तीन जागा सापडल्या: वरच्या कव्हरची मागची कड, चेंबरचा एक कोपरा, आणि इंजिन व गिअरबॉक्स जिथं जुळतात तिथली फट. ही तिसरी म्हणजे क्रँकचं, इंजिनच्या फिरत्या मुख्य शाफ्टचं, मागचं सील. तिथं गिअर ऑइलही असू शकतं, पण ते जास्त चिकट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. आमचं इंजिन ऑइलच होतं.

पुढचं पाऊल बरेच जण गाळतात. मेस्त्रींनी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर कागद धरला. ब्रीदरचा रस्ता मोकळा असेल तर कागद हलकेच आत ओढला जातो. आमचा फडफडत बाहेर फेकला गेला. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे ब्रीदरच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह, काजळी-तेलानं गच्च झाला होता. हातात घेऊन हलवला तर खुळखुळ नाही. पिस्टनच्या कडेनं खाली उतरणाऱ्या गॅसला वाट मिळाली नाही की चेंबरमध्ये दाब वाढतो आणि तो सगळ्यात कमजोर सीलमधून तेल बाहेर ढकलतो. अशा गाडीला नवं पॅकिंग टाकलं तरी तेही काही महिन्यांत पाझरणार. व्हॉल्व्ह किरकोळ किमतीचा आहे. व्हॉल्व्ह बदलूनही झाकणातून जोरात धूर-वारा येत राहिला, तर मात्र रिंग-पिस्टन थकलेत असं समजा, आणि मग बाटलीवर पैसे घालवू नका.

कव्हरचं जुनं पॅकिंग निघालं तेव्हा रबर राहिलंच नव्हतं, हातात कडकन तुटलं. नवं बसवताना दोन्ही बाजू पुसून कोरड्या केल्या, फक्त कोपऱ्यांवर थेंबभर सिलिकॉन लावलं. भरमसाठ सिलिकॉन लावणाऱ्यापासून लांब राहा. आत सांडलेला तुकडा ऑइलच्या जाळीपर्यंत जातो. बोल्टही मधून कडेला, थोडे थोडे आवळायचे. "गळतंय ना, अजून आवळ" करण्यानं पॅकिंग चेंगरतं, कव्हर वाकतं आणि गळती वाढते. चेंबर उतरवून साफ करून पुन्हा लावलं.

मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरी सीलच्या किमतीच्या कितीतरी पट. त्या सीलसाठी मी ऑइलमध्ये बाटली घातली. या बाटलीतलं रसायन कडक झालेल्या रबराला थोडं फुगवतं, मऊ करतं, म्हणून सील पुन्हा शाफ्टला धरून बसतं. फाटलेल्या सीलवर, कागदी पॅकिंगवर किंवा सिलिकॉनच्या जोडावर ते चालत नाही. अल्टोत ऑइल तीन लिटरच्या आतच मावतं, म्हणून 300 मिलीची बाटली घालताना तेवढं ऑइल कमी भरायचं. पट्टीवरच्या वरच्या खुणेपुढं गेलं तर फेस होतो आणि गळती उलट वाढते. मोटारसायकलमध्ये घालू नका, तिथं बहुतेकदा क्लच ऑइलमध्येच बुडलेला असतो.

पहिले काही आठवडे फरक शून्य. पुण्याची एक लांब फेरी झाल्यावर फटीतलं ठिबकणं कमी झालं, मग फक्त ओलसरपणा उरला. एप्रिल-मेच्या उन्हात, पारा चाळिशीपार आणि एसी चालू असतानाही वरचं कव्हर कोरडं राहिलं. जळका वास गेला. ऑइल बदलल्यावर मागच्या सीलचा ओलावा थोडा परत आला. पावसाळ्यात फरशीवर एखादा थेंब दिसतो. म्हणजे दर सर्व्हिसला बाटली, किंवा एकदाच सील. टॉप-अप आता दोन सर्व्हिसच्या मधे लागत नाही, पूर्वी लागायचं.

बाटलीला पाचपैकी तीन, पीसीव्ही आणि पॅकिंगच्या कामाला पाच. टायमिंग बेल्टच्या बाजूनं गळत असेल तर बाटली घेऊच नका. तेल लागलेला बेल्ट फार दिवस टिकत नाही, क्रँक-कॅमची पुढची सीलं बेल्टसोबतच बदला. माझ्या मागच्या सीलचं काम क्लचप्लेट संपेल तेव्हा, एकाच मजुरीत करणार. त्या आधी क्लच घसरायला लागला, तर सीलमधलं तेल प्लेटवर गेलंय असं धरून गाडी लगेच मेस्त्रींकडे नेणार.