समुद्राकाठचं लोखंड आणि प्रायमरचे डबे

मालवणजवळच्या आमच्या घरातल्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. समुद्र चालत चार मिनिटांवर आहे. पाहुणे लाटांचा आवाज ऐकायला येतात, आणि त्याच लाटांचं मीठ माझ्या खिडक्यांच्या गजांवर येऊन बसतं. सकाळी गजावरून बोट फिरवा आणि जिभेला लावा, खारट लागेल. अशा घरात रंगकाम संपतच नाही. मागच्या दसऱ्यानंतर ते पुन्हा काढलं तेव्हा एकच प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, सगळीकडे फासायचा नाही असं ठरवलं. आता त्यावरून एक अख्खा पावसाळा गेलाय, म्हणून लिहायला बसले.

आधी लोखंडाचा रेड ऑक्साइड प्रायमर. फॅब्रिकेटरकडून ग्रील येते तीच या विटकरी रंगात. आत असतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे उंबऱ्याला लावतो त्या गेरूचा सख्खा भाऊ. स्वस्त, ब्रशने सहज लागणारा, हाताला चिकटला तर टर्पेंटाईनने निघणारा. लोकांचा गैरसमज असा, की ग्रील लाल आहे म्हणजे प्रायमर झालेला आहे. आमच्या नव्या खोलीची ग्रील अशीच लाल होऊन आली, दोन महिने पडवीत उभी राहिली आणि वेल्डिंगच्या सांध्यांतून गंज गळायला लागला. नखाने खरवडलं तर खाली तेलाचा चिकटा तसाच. तेलावर, न घासलेल्या काळ्या पापुद्र्यावर, एकच पातळ हात मारून दिलेला. ग्रील करून देणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण या बाबतीत बहुतेक सगळे एकाच माळेचे मणी आहेत. त्यात रेड ऑक्साइड स्वतः पाणी अडवत नाही. त्यावर लवकरात लवकर इनॅमलचे दोन हात चढले तरच त्याचा उपयोग. नुसता ठेवला तर तो ओल पितो.

ग्रील पुन्हा घासली. पण आमच्या रंगाऱ्याने घासण्याच्याही आधी अडवलं. म्हणाला, "वयनी, आधी मीठ धुवन काडा, मगे काय तां फासा." विहिरीच्या गोड्या पाण्याने, ब्रश मारून, दोनदा. मला वाटलं काम वाढवतोय. पण गंजाच्या खड्ड्यांत बसलेलं मीठ प्रायमरखाली अडकलं, की ते बाहेरची ओल आत ओढून घेतं आणि वरून अखंड दिसणाऱ्या रंगाला फोड येतात. मागच्या खेपेला हेच झालं होतं आणि मी उगाच डब्याला शिव्या देत होते. धुऊन, कोरडं करून, 80 नंबरच्या काचपेपरने घासून त्याच दिवशी प्रायमर चढवायचा. उद्यावर टाकलं तर आमच्याकडे रातोरात लोखंडावर तांबूस पीठ धरतं. आणि सकाळी दव पूर्ण वाळल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. दहा ते तीन, एवढीच आमची वेळ.

जुन्या गजांबद्दल एक काळजीची गोष्ट. सासऱ्यांच्या काळातला रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तेव्हा लोखंडाला शेंदरी रंगाचा प्रायमर असे, तो शिशाचाच, मारुतीच्या शेंदरासारखा. घरगुती रंगांत शिसं दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नको असा नियम 2016 साली निघाला, लागू झाला 2017 च्या नोव्हेंबरात. त्याआधीचे थर कोरडे घासून धूळ उडवू नका. पाणी मारत घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, आणि पोरांना आजोळी पाठवा. दुकानात झिंक क्रोमेटचा पिवळा प्रायमरही समोर आला. गंजाला तो चांगला आवरतो, पण क्रोमेट कर्करोगाला कारण ठरतं. घासायचं आणि फासायचं काम घरात चालणार, म्हणून मी तो परत ठेवला.

फाटक मात्र थेट वाऱ्याच्या तोंडावर. तिथे दोन डब्यांचा इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर वापरला. रेड ऑक्साइडच्या जवळजवळ तिप्पट पैसे पडले, यजमानांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एका डब्यात रंग, दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळायचं, अंदाजपंचे नाही. मिसळून थोडा वेळ मुरू द्यायचं आणि घट्ट व्हायच्या आत संपवायचं. उन्हाळ्यात ही मुदत आणखी आखडते. थिनरही त्याच कंपनीने सांगितलेला. रंगाऱ्याची रॉकेलची बाटली मी त्या दिवशी लपवून ठेवली होती. पावसाळ्यानंतर फाटकावर बिजागरीजवळची एक रेघ सोडली तर गंज नाही. दोन तक्रारी आहेत. उन्हात इपॉक्सी खडूसारखा भुकटतो, म्हणजे वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा हात आलाच, म्हणजे पुन्हा खर्च. आणि वास असा, की त्या दिवशी खोल्या रिकाम्या ठेवाव्या लागल्या.

जस्त चढवलेल्या पाइपांवर आपला नेहमीचा रेड ऑक्साइड मारू नका. गच्चीवरच्या टाकीच्या पाइपांना मी मारला होता. वर्षभरात कात टाकावी तसा सोलून आला. तेलावर आधारलेला प्रायमर आणि जस्त यांचं जमत नाही, मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाची पकड सुटते. तिथे एच (etch) प्रायमर लागतो, म्हणजे जस्ताला किंचित खाऊन पकड धरणारा. यंदा लावलाय, अजून धरून आहे. सहा महिन्यांवर छाती ठोकून काही सांगणार नाही.

भिंतीचा किस्सा माझ्याच घाईचा. चिऱ्याच्या नव्या खोलीला एप्रिलमध्ये गिलावा झाला, मे महिन्याचं बुकिंग आधीच घेऊन ठेवलेलं. गिलाव्याला 28 दिवस तरी द्यायला हवे होते. मी दहाव्या दिवशी पाण्यात मिसळायचा सिमेंट प्रायमर मारून घेतला, वर पुट्टी, वर गुलाबी इमल्शन. पुण्याच्या पाहुण्यांनी त्या खोलीचे फोटो काढले, फार सुंदर आले. जूनमध्ये पलंगामागे पांढरा खार फुटला आणि गुलाबीचे पिवळट डाग झाले. प्रायमरचा दोष शून्य. ओल्या गिलाव्यातला अल्कली, म्हणजे सिमेंटातला क्षार, बाहेर यायचा मार्ग शोधत होता, त्याला मीच कोंडलं. नंतर पुट्टी खरवडली, भिंत पूर्ण सुकू दिली आणि अल्कलीला टिकणारा प्रायमर मारला. तो डाग पुन्हा आला नाही. साध्या सिमेंट प्रायमरबद्दल एवढंच: पाणी डब्यावर लिहिलंय तितकंच. वाळल्यावर भिंतीवर तळहात घासून बघा. पांढरा उमटला तर पाणी जास्त पडलंय, त्यावर काहीही मारा, पोपडा धरणारच.

लाकडाचं थोडक्यात. फणसाच्या दारांना वुड प्रायमर लावला, त्याआधी गाठींवर चपडी लाखेचा हात, नाहीतर गाठीतला चीक वर रंगात उतरतो. दाराची वरची आणि खालची धारसुद्धा रंगवा, पाणी तिथूनच शिरतं आणि रंगारी नेमकी तीच विसरतात.

गुण द्यायचेच तर रेड ऑक्साइडला पाचपैकी तीन, तेही आतल्या ग्रीलसाठी. फाटकाच्या इपॉक्सीला चार, वासाचा एक कापून. सिमेंट प्रायमरला चार. माझ्या घाईला किती, ते यजमानांना विचारा.

इपॉक्सी फाटकाला लागेल त्यापेक्षा जास्त मिसळला गेला होता. उरलेला डब्यातच राहिला, आत ब्रश उभाच. दुसऱ्या दिवशी बघते तर दगड. हलवून, आपटून, उलटा करूनही निघेना. आता तो डबा गच्चीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावून ठेवलाय, ब्रशला धरून उचलायला सोयीचा पडतो.