अब्जावधी ओळी आणि एक डॅशबोर्ड: डेटा टूलमध्ये आणायचा की जागेवरच विचारायचा?

"पॉवर बीआय घेऊ की टॅब्लो?" डेटाचे चार्ट आणि डॅशबोर्ड बनवणाऱ्या या दोन टूल्सबद्दलचा हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. डेटा काही लाख ओळींचा असेल तर टीमला जे येतं ते घ्या, फार डोकं शिणवू नका. टेबल अब्जाच्या घरात गेलं की मात्र आधी दुसरंच ठरवावं लागतं: चार्टवर क्लिक केल्यावर हिशोब कुठे होणार? टूलच्या इंजिनात की मूळ डेटाबेसमध्ये?

डेटा टूलमध्ये आणला तर

पॉवर बीआय याला इम्पोर्ट म्हणतं, टॅब्लो एक्स्ट्रॅक्ट. दोन्हीकडे डेटा कॉलमनुसार दाबून साठवला जातो. तीच ती मूल्यं पुन्हा पुन्हा येणारा कॉलम (प्रकार, स्थिती, विभाग) अगदी थोड्या जागेत मावतो. दर ओळीला वेगळा असणारा व्यवहार क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ मात्र जागा खातात. मॉडेल (टूलमध्ये आणलेला सगळा डेटा) फुगलं की मी पहिला हात या दोघांवर टाकतो.

चार्ट झटपट उघडतात आणि मूळ डेटाबेसला दिवसभर त्रास नाही, हा मोठा फायदा. पण पॉवर बीआयच्या प्रो लायसन्सवर एका मॉडेलला १ जीबीची मर्यादा आहे आणि ठरवून लावलेले रिफ्रेश (डेटा पुन्हा ताजा करून घेणं) दिवसाला ८. टॅब्लोचं हायपर इंजिन म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधनातून आलेलं आणि २०१८ पासून टॅब्लोमध्ये रुळलेलं. मोठे एक्स्ट्रॅक्ट ते चांगले पेलतं. तरी रोज रात्री अख्खं टेबल उचलायचं ठरवलंत तर उजाडेपर्यंत काम संपणार नाही. म्हणून इन्क्रिमेंटल रिफ्रेश (फक्त नव्या किंवा अलीकडच्या ओळी आणणं) लावावाच लागतो, आणि गोम तिथेच आहे. रिफ्रेश ज्या ओळींना हातच लावत नाही त्या मागाहून बदलल्या, तर डॅशबोर्डला त्याचा पत्ताच लागत नाही.

जागेवरच विचारलं तर

पॉवर बीआयचं डायरेक्टक्वेरी, टॅब्लोचं लाइव्ह कनेक्शन. लुकर आणि सुपरसेट ही आणखी दोन टूल्स तर याच वाटेची: एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतली आज्ञा) तयार करायचं, डेटाबेसकडे पाठवायचं, आलेलं उत्तर रंगवायचं. डेटा ताजा, मर्यादा डेटाबेसच्या ताकदीची.

आणि ती ताकद नसेल तर? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! ज्या डेटाबेसवर रोजचे व्यवहार नोंदवले जातात त्यावर लाइव्ह डॅशबोर्ड लावू नका. साधा गुणाकार करा: एका पानावर १२ चार्ट, सकाळी एकदम ४० जणांनी उघडलं, तर कॅशे (आधीची उत्तरं साठवून ठेवणं) नसताना डेटाबेसला ४८० प्रश्न, म्हणजे ४८० क्वेरी. वर कोणी फिल्टर हलवला की पुन्हा तेच. क्लिकहाउस, बिगक्वेरी, स्नोफ्लेकसारखे कॉलमनिहाय डेटाबेस हा भार सोसतात, पण फुकट नाही. बिगक्वेरीच्या ऑन-डिमांड पद्धतीत जेवढा डेटा वाचला तेवढं बिल. तारखेवर पार्टिशन (टेबलाचे तारखेनुसार तुकडे) नसेल तर साधा "कालची विक्री" चार्टसुद्धा त्या कॉलमांचा सगळा इतिहास वाचून येतो.

डायरेक्टक्वेरीत आणखी एक खाच आहे. एका क्वेरीला मूळ डेटाबेसकडून १० लाखांहून जास्त ओळी आल्या की एरर येते. प्रीमियममध्ये ही मर्यादा वाढवता येते, पण एवढ्या ओळी चार्टला लागतात तरी कशाला?

लुकर की सुपरसेट? लुकरमध्ये "निव्वळ विक्री" म्हणजे काय ते लुकएमएल या त्याच्या स्वतःच्या भाषेत एकदाच लिहिलं जातं, त्यामुळे दोन विभागांचे आकडे भांडत नाहीत. सुपरसेट २०१५ साली एअरबीएनबीत सुरू झालं. मुक्त स्रोत आहे, लायसन्सचा खर्च नाही, पण ते चालतं ठेवायला घरचा माणूस लागतो.

मी काय करतो

दिवसवार सारांशाचं टेबल टूलमध्ये आणतो आणि तपशील डेटाबेसमध्येच ठेवतो. पॉवर बीआयचं कंपोझिट मॉडेल हे जमवतं. लुकरही सारांश पुरेसा असेल तिथे क्वेरी आपोआप तिकडे वळवतो. फक्त "वेगळे ग्राहक किती" या आकड्यापासून सावध राहा. रोजचे वेगळे ग्राहक बेरजेत टाकून महिन्याचे निघत नाहीत, एकच माणूस दहा वेळा मोजला जातो. त्यासाठी महिन्याचा सारांश वेगळा करावा लागतो, किंवा हायपरलॉगलॉग (वेगळी मूल्यं अंदाजे मोजण्याची पद्धत) देतं तो अंदाज चालवून घ्यावा लागतो.

लायसन्स घेण्याआधी विक्रेत्याचा नमुना डेटा बाजूला ठेवा. तुमच्या सर्वांत मोठ्या टेबलावर सर्वांत किचकट तीन चार्ट बांधा आणि वीस जणांना ते एकाच वेळी उघडायला लावा.