दम वाढला की नाही? घड्याळ, बारा मिनिटं आणि संथ पाच किलोमीटर

मे महिन्यात कोकणात पळणाऱ्याची वेळ बिघडते, तेव्हा दोष बहुतेक वेळा हवेचा असतो. घाम वाळत नाही, अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं आणि त्याच वेगाला नाडी मिनिटाला सहज दहा ठोके वर जाते. म्हणून दम मोजण्याची पद्धत निवडताना आधी पाहायचं ते हे, की दमट हवा, वाळू आणि चढ यांनी तिचा आकडा किती फसतो.

सगळ्यात सोपं घड्याळ, आणि फसतंही तेच जास्त. त्यातला व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, मोजलेला नसतो. वेग आणि नाडी यांची सांगड घालून काढलेला तो अंदाज असतो. मऊ वाळूत वेग पडतो, नाडी चढते, आणि घड्याळाला वाटतं तुमचा दमच गेला. माडा-पोफळींच्या दाट वाडीतून पळालात तर जीपीएस भरकटतं. मनगटावरचा सेन्सर कधीकधी नाडीऐवजी पावलं मोजतो. सावकाश पळतानाही आकडा 165च्या आसपास चिकटून बसला, तर हीच शंका घ्यावी. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधावा. छातीचा पट्टा त्याहून भरवशाचा, पण बांधण्याआधी त्याचे पॅड ओले करायचे आणि पळून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचे.

अमेरिकी डॉक्टर केनेथ कूपर यांची 1968ची बारा मिनिटांची चाचणी फुकट होते. बारा मिनिटांत जास्तीत जास्त किती मीटर, एवढंच पाहायचं. त्या अंतरातून 504.9 वजा करून 44.73ने भागलं की व्हीओटू मॅक्सचा अंदाज मिळतो. 2400 मीटरला साधारण 42.4. जागा सपाट आणि मोजलेली हवी; ट्रॅक नसेल तर सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, सरळ, रहदारी नसलेला रस्ता चालतो. हमखास होणारी चूक म्हणजे पहिली तीन मिनिटं उधळणं. शिवाय यात जीव तोडून पळावं लागतं, त्यामुळे दर महिन्याला करू नये. चाळिशीपुढे किंवा रक्तदाब-मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आमचा कौल तिसऱ्या पद्धतीला, अमेरिकी प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांच्या. 180मधून वय वजा करा. नव्याने सुरुवात असेल किंवा वरचेवर दुखापत होत असेल, तर आणखी 5 कमी. उरलेला आकडा ही नाडीची मर्यादा; बेचाळिशीच्या अनुभवी माणसाला मिनिटाला 138 ठोके. पंधरा मिनिटं अंग गरम करून त्या नाडीवरच 5 किलोमीटर पळायचं आणि प्रत्येक किलोमीटरची वेळ लिहायची. पहिला 8:10 आणि पाचवा 8:50 येणं स्वाभाविक आहे. काही महिन्यांनंतर त्याच नाडीला पहिला 7:40 झाला आणि पाचवाही फार मागे पडला नाही, तर दम वाढला. नाडी त्या आकड्यापुढे गेली की पळणं सोडून चालायला लागायचं. इथेच बहुतेकांचा अहंकार आडवा येतो.

किनाऱ्यावर ही चाचणी करायची तर तारखेपेक्षा तिथी धरा. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास ती भल्या पहाटे ते सकाळच्या दरम्यान येते आणि उधाणामुळे पाणीही लांब ओसरतं, म्हणून गुहागरसारख्या लांब किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मिळतो. अष्टमीला त्याच वेळी भरती असते आणि पळायला उरते ती वरची भुसभुशीत वाळू. दर पौर्णिमेला वाळूचा तोच पट्टा, तीच वेळ, तेच बूट. किनारा एका बाजूला कललेला असतो, तेव्हा अर्धं अंतर जाऊन परत फिरा, म्हणजे दोन्ही पायांवर भार सारखा येईल.

उठल्याबरोबर अंथरुणातच मोजलेली नाडी ही जोड म्हणून ठीक. पूर्ण 60 सेकंद मोजा आणि सात दिवसांची सरासरी घ्या. जागरण, ताप किंवा आदल्या रात्रीची पार्टी यांनी ती वर जाते, म्हणून एकट्या दिवसाच्या आकड्यावर निर्णय नको.

नाडी मंदावणारी, बीटा ब्लॉकरसारखी गोळी चालू असेल तर नाडीवर आधारलेल्या पद्धती सोडा आणि किती श्रम वाटतात ते दहापैकी गुणांत लिहा. कूपरचं डॉक्टरांना विचारून. शर्यतीचं लक्ष्य असलेल्याने कूपर वर्षातून दोनदा, डिसेंबर-जानेवारीत आणि पावसानंतर. बाकी सर्वांना महिन्याचे ते संथ 5 किलोमीटर पुरतात. पावसाळ्यात किनारा सोडून रस्त्यावर आलात तर वहीत नवं पान सुरू करा, आणि मेचा आकडा जानेवारीशी न लावता मागच्या मेशी लावा.