मिरची मुरवलेली व्होडका, जिन आणि रम: काही महिन्यांच्या वापरानंतर

चटणीसाठी मिरची निवडायची आपल्याकडे ठरलेली रीत आहे. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी आणि जाळ हवा असेल तर लवंगी. गेले काही महिने याच मिरच्या दारूत मुरवून घरी कॉकटेल करतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय की ही रीत बाटलीत चालत नाही.

ब्याडगीचंच बघा. तांबड्या रस्स्यावर जी लालभडक तर्री येते ती तेलामुळे, कारण मिरचीचा रंग तेलात सुटतो. आपली व्होडका ४२.८ टक्के अल्कोहोलची, बाकी जवळपास सगळं पाणीच. त्यात ब्याडगी दोन दिवस ठेवली तरी फिकट नारिंगी छटेपलीकडे काही मिळत नाही. तिचा खरा उपयोग रममध्ये आहे. देठ काढून, कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत भाजून गडद रममध्ये एक दिवस ठेवली की मनुक्यासारखा गोडसर वास उतरतो. त्यात आपल्या गुळाचा पाक आणि लिंबू पिळलं की दुसरं काही लागत नाही.

तिखटाचं गणित याच्या बरोबर उलट आहे. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल, पण अल्कोहोलमध्ये झपाट्याने उतरतं. वर अल्कोहोलमुळे जिभेला तिखटाची आग आणखी जाणवते. त्यामुळे लवंगीची एकच मिरची उभी चिरून क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीमध्ये टाकली तर दोन-तीन तासांत भरपूर होतं. रात्रभर तर अजिबात ठेवू नये. अर्ध्या अर्ध्या तासाने चमचाभर काढून तेवढंच पाणी घालून चाखत राहा, आणि अजून थोडं हवं असं वाटत असतानाच मिरची काढून टाका. जास्त झालीच तर साधी व्होडका मिसळून खाली आणता येते, पण मिरचीचा कडवटपणा उतरला असेल तर तो तसा जात नाही. बिया काढल्या की तिखट कमी होतं असं सगळेच म्हणतात. खरं तिखट बिया जिला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत असतं, ती खरवडा. आणि हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका.

महिने गेल्यावर कळतं ते टिकण्याबद्दल. हिरव्या मिरचीचा तो ताजा, कोवळा वास पहिल्या काही आठवड्यांतच विरतो आणि मागे नुसतं तिखट उरतं. त्यामुळे हिरवी क्वार्टरपुरतीच करावी आणि लवकर संपवावी. सुकी संकेश्वरी मात्र गाळून, काचेच्या बाटलीत, अंधारात ठेवली तर महिनोन्‌महिने तशीच राहते. माझ्या मते या सगळ्यात तीच सर्वात गुणी. तिखट आहे, पण तिखटाआधी चव येते.

सर्वात जास्त वेळा केलेलं कॉकटेल पेरूचं. हिरव्या मिरचीची जिन ३० मिली, साधी जिन ३० मिली, पेरूचा रस ९० मिली, एका लिंबाचा अर्धा रस, चिमूटभर मीठ, आणि भरपूर बर्फात जोरात हलवायचं. ही अर्धी-अर्धी वाटणी महत्त्वाची आहे. मुरवलेली दारू मसाल्यासारखी वापरायची, पूर्ण पेग तिचाच ओतला तर तिसऱ्या घोटाला जीभ बधिर होते आणि पेरू कुठे गेला ते कळत नाही. ग्लासच्या कडेला मीठ आणि साधी मिरचीपूड लावा. कांदा-लसूण चटणी लावायचा मोह आपल्याला होणारच, पण तिच्यातल्या तेलाने गोळे होतात आणि लसूण बाकी सगळ्यावर कुरघोडी करतो.

सोलकढीत संकेश्वरी व्होडका फार सुंदर लागते. नारळाच्या दुधातली चरबी तिखट धरून ठेवते, त्यामुळे इथे हात थोडा सैल सोडला तरी चालतो. सोड्यात तीच व्होडका दुप्पट झोंबते, तिथे निम्मीच घ्या. टकिलात मजा येते, पण आपल्याकडच्या किमतीला रोजच्या प्रयोगासाठी परवडत नाही.

सोबत मटण नको. सुकं असो की रस्सा, दोन तिखटं एकमेकांना मारतात. खारे नसलेले शेंगदाणे, काकडी, पेरूच्या फोडी ठेवा. कुणाला फार झोंबलं तर पाणी देऊ नका, त्याने काही होत नाही. दही किंवा दूध द्या.

महाराष्ट्रात अशी दारू प्यायला वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो, तेवढं सांभाळा. मुरवायला दारू सीलबंद दुकानातलीच घ्या, हातभट्टीची अजिबात नको, कारण तिच्यात विषारी मिथेनॉल असलं तर ते वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. आणि बरणी रबरी वॉशर नसलेली निवडा. माझ्या पहिल्या बरणीच्या वॉशरला लागलेला लवंगीचा वास अजून गेलेला नाही, त्यामुळे ती आता फक्त लवंगीसाठीच आहे.